उरलेली डिस्क

"हात मागे घे, व्हर्ना," हेडली म्हणाला.

एक नंबरची चिठ्ठी लावलेली डिस्क मी ओढायला निघाले होते. पडद्यावर तसं स्वच्छ लिहिलंच होतं, डिस्क एक बंद पडली.

"मशीन शून्यापासून मोजतं, तुझ्या चिठ्ठ्या एकापासून. तू ओढतेयस ती जिवंत आहे."

मी हात मागे घेतला. बंदरावरच्या आमच्या वाचनालयात एकशे बारा जणांचे आवाज होते. सरकारनं उठवलेल्या बेटांवरची, आता हयात नसलेली माणसं. मूळ टेपा ओलीनं कुजून गेल्या. दोन डिस्कांवर तेच उतरवलेलं, म्हणून आम्ही निर्धास्त. तिसरी प्रत काढू काढू म्हणत राहूनच गेली, त्यात दोष माझाही.

नवी डिस्क सकाळच्या फेरीबोटीनं आली होती. पण गावातले सगळे सरकारी संगणक एकट्यानं सांभाळणारा साठीचा हेडली ती बसवायला तयार होईना.

"बसवली की मशीन रिकाम्या जागेसकट अख्खी डिस्क तिच्यावर उतरवणार, उरलेलीला तासन्‌तास राबावं लागेल. दोघी एकाच खोक्यातल्या. एकीनं मान टाकली, दुसरीचा काय भरवसा? आधी माणसं बाहेर काढू. यादी वाच."

तो एकेक आवाज बाहेरच्या डिस्कवर उतरवत गेला, मी नावं वाचत गेले. एलायजा पिन्सेंटपाशी थांबले. हेडलीचे वडील.

"यांना आता घेऊ या की."

"घरचे शेवटी जेवतात. पुढचं वाच."

"वेडेपणा करू नकोस, हेडली."

"लोकांनी माझ्या भरवशावर दिलेत हे आवाज. वाच गं बाई."

दुपारी उरलेली डिस्क टकटक करू लागली. हेडलीनं ती बंद केली, खिडकी उघडून गार होऊ दिली, पुन्हा चालवली. असं चारदा केलं. एकशे अकरावा आवाज उतरला आणि पडदा थिजला. पुढे दोन तास तो झटत होता. काही उपयोग झाला नाही.

त्यानं वहीत लिहिलं, एकशे अकरा वाचले, एक गेला. मग नवी डिस्क बसवायला घेतली. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही.

"काय सांगितलं होतं रे त्यांनी?"

"कॉड मासा कसा खारवायचा. वाळत घातल्यावर धुकं आलं तर काय करायचं." तो स्क्रू आवळत राहिला. "सगळं पाठ आहे मला. आवाज तेवढा आठवत नाही."