आरशात आधी दिसणारा हात

मित्रांनो, आरशाच्या चौकटीत खोचलेल्या एका पत्राला कितीतरी दिवस उत्तर गेले नव्हते. त्याच्या कडा पिवळ्या पडल्या, साबणाचा शिंतोडा कोपऱ्यावर वाळून बसला, तरी ते तिथेच. पत्र मला आलेले नव्हते. तरीही त्याची गोष्ट मी सांगणे बरे, कारण ती माझ्यावरच घडली.

मी एक जुनी फळी आहे. केस कापण्याच्या दुकानात खुर्चीच्या दोन हातांवर मला आडवी ठेवत आणि माझ्यावर लहान मुलांना बसवत, म्हणजे त्यांची डोकी काकांच्या हाताला येत. काका म्हणजे दुकानाचे मालक. एका मोडक्या दारातून सुताराने मला कापले आणि रंध्याने गुळगुळीत केले. मुले माझ्यावर वळवळत, नाक पुसून बोटे मलाच लावत. मला राग येत नसे. वळवळणारे मूल बहुधा सुखात असते.

एके दिवशी एक मुलगी वडिलांबरोबर आली. काका सगळ्याच मुलींना बाईसाहेब म्हणत.

"काय बाईसाहेब, किती ठेवायचे, किती उडवायचे?"

ती हसली नाही. तिने दोन्ही हातांनी माझ्या कडा घट्ट धरल्या. काकांनी मागून कंगवा उचलला, तशी तिची मान खांद्यांत गेली.

"कात्रीला घाबरतेस होय?" म्हणत काकांनी कात्री खिशात लपवली.

"नाटकं आहेत तिची," बाकावरून वडील म्हणाले. "नीट बस, नाहीतर घरी चल, मग दाखवतो."

काकांनी नुसता टॉवेल झटकायला हात उचलला. मान पुन्हा आत. तेव्हा त्यांना कळले, की भीती कात्रीची नव्हती, हाताची होती. कानामागचे केस उचलले, तर तिथे निळसर वळ.

काका वडिलांना काही बोलले नाहीत. बोलले असते, तर तो राग घरी तिच्यावरच निघाला असता. त्यांनी फक्त आपली रीत बदलली. हात आधी बाजूने वर नेत, आरशात तिला दिसू देत, "आता उजवीकडे येतो हं" म्हणत आणि मगच डोक्याला लावत. केस कापून होता होता तिची बोटे माझ्या कडांवरून सुटली.

त्याच संध्याकाळी तिच्या शाळेतले सर दाढीला आले. काका चाचरत म्हणाले, "सर, माझं चुकतही असेल, पण त्या पोरीला घरी मारत असावेत."

"चुकत असेल तर आनंदच आहे," सर फेसातूनच म्हणाले. "पण चौकशी केल्याशिवाय राहायचं नाही."

सर नुसते बोलून थांबले नाहीत. मुलांच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या बाई आल्या, सगळे उघड झाले आणि मुलगी दुसऱ्या गावी मावशीकडे राहायला गेली. पुढे तिचे पत्र आले. काकांनी ते मोठ्याने वाचले.

"काका, इथे मला कुणी मारत नाही. तरी रात्री दचकून जाग येते. मागून कुणी आलं की मान आपोआप आत जाते. वर्गात मला कासव म्हणतात. मनाच्या डॉक्टरबाई म्हणतात, हळूहळू जाईल. जाईल ना? केस डोळ्यांवर आलेत, पण इथल्या दुकानात जायला भीती वाटते."

काका रोज पेन घेऊन बसत. 'प्रिय बाईसाहेब' इथपर्यंत येत आणि तिथेच अडत. मनाचे आपल्याला काय कळते? एखादा शब्द चुकीचा लागला तर? अशातच पायाने दाबले की वर जाणारी नवी खुर्ची आली आणि माझी रवानगी दारामागे, केरसुणीच्या शेजारी झाली. मी खट्टू झाले. पण त्याहून मला पत्राची काळजी. तिकडे पोरीचे केस वाढतच असतील.

शेवटी काकूच दुकानात आल्या.

"अहो, तुम्हाला ग्रंथ लिहायला कुणी सांगितलंय? तिचे केस कसे कापलेत, तेवढं लिहा की!"

काका उठून दारामागे आले. मग त्यांनी मला उचलले, पुसले आणि मांडीवर आडवी घेतली. माझ्यावर कागद ठेवून ते सरसर लिहू लागले.

"बाईसाहेब, भीती नक्की कमी होईल. कधी, ते मला सांगता येणार नाही. तू भित्री नाहीस. इतके दिवस तुझी मान तुला वाचवत होती. हा सोबतचा कागद मावशीला तिथल्या केस कापणाऱ्या कारागिराला द्यायला सांग."

दुसऱ्या कागदावर लिहिले होते: "दादा, हात आधी आरशात दाखवा. कुठे लावणार ते सांगा. ती 'हं' म्हणाली की लावा. घाई नको."

मित्रांनो, माझेही मागणे एवढेच. कुणाच्या डोक्याकडे हात न्याल, तर तो आधी दिसू द्या. कुणी मान आत घेतली तर हसू नका. आणि तुमचीच मान आत जात असेल, तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. चूक तुमची नसते.

त्या दिवशी काकांनी मला दाराशी टेकवून ठेवले, म्हणून मला सगळे दिसले. रस्ता ओलांडून ते टपालपेटीपाशी गेले. पाकीट आत सरकवले, मग फटीत दोन बोटे घालून ते खरेच खाली पडले का, ते चाचपले. पडले होते.