गाण्याआधीचं खोबरं

समुद्रकाठच्या आन्लोगा गावातल्या बायकांच्या मेळ्यात गाणं उचलायची ती अक्पेने. पहिली ओळ तिची; ती सुटली की बाकीच्या मागून धरून घ्यायच्या. मयत असो नाहीतर सण, ढोलवाले आधी तिच्या तोंडाकडे बघत. घसा कोरडा पडू नये म्हणून तिच्या गालात कायम एक गोड गोळी असायची. सकाळी कांद्याच्या वाफ्यांना पाणी घालताना डब्यातल्या घट्ट दुधाचा गोड चहा, चहा संपला की गोळी, गोळी विरघळली की दुसरी.

घसा शाबूत राहिला, दात गेले. आधी डावी दाढ ठणकायला लागली, मग समोरचे दोन काळे पडून हलायला लागले. मिठाचं पाणी धरून झालं, लवंग दाबून झाली. एके दिवशी गाल असा सुजला की डोळा मिटला, तेव्हा नवऱ्यानं, दोत्सेनं, तिला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. तिथे दाढ काढली आणि समोरचे दोन्हीही.

जखम भरल्यावर ती तालमीला गेली. पहिल्याच ओळीत 'स' आला आणि फटीतून शिट्टी वाजली. मेळ्यात सगळ्यात लहान होती डेला, तिला हसू आवरलं नाही. तिच्यामागे सगळ्याच हसल्या. अक्पेनेही हसली, पाणी पिऊन येते म्हणाली आणि घरी निघून आली. त्यानंतर ती मेळ्यात गेली नाही. गाणं डेला उचलायला लागली.

दवाखान्यात पुन्हा दाखवायला गेली तेव्हा काफुई नावाच्या नर्सनं आरशात तिला उरलेले दात दाखवले. दोन-तीन दातांच्या मुळाशी तपकिरी रेघा होत्या.

"हेही जाणार?" अक्पेनेनं विचारलं.

"तुमच्यावर आहे. दिवसभर तोंडात साखर असते तुमच्या. दातांना उसंत कधी मिळायची?"

"मग खाऊ काय, वारा?"

"तुमची आई काय खायची?"

अक्पेने विचारात पडली. आई गेली तेव्हा तिच्या तोंडात जवळजवळ सगळे दात होते. "मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, अक्पले. बोमाच्या पाल्याचं कालवण. छोटे मासे, काट्यांसकट. मधे भूक लागली की शेंगदाणे, नाहीतर खोबरं."

"तेच खा. चावावं लागेल असं काहीतरी खा. चावलं की लाळ सुटते, आणि तोंड धुवायला लाळेसारखी मोलकरीण नाही. गोड खायचंच असेल तर जेवणाबरोबर खा आणि वर पाणी प्या. आणि रात्री ब्रश केल्याशिवाय झोपू नका."

"गाणाऱ्या बाईच्या घशाचं काय पण?"

"गोळी चोखून जे पाणी सुटतं, तेच खोबरं चावून सुटतं. करून तर बघा."

पहिले काही दिवस फार वाईट गेले. डोकं दुखायचं, कुणी काही बोललं की अंगावर धावून जावंसं वाटायचं. हिरड्या दुखत म्हणून खोबरं बारीक कापून उजव्या बाजूनं चावत बसायची. दोत्से म्हणाला, "बाजारातून दोर आणू का? बकरीसुद्धा एवढा वेळ रवंथ करत नाही."

"आण. आधी तुला बांधते," ती म्हणाली. घरातला चहा आता बिनसाखरेचा झाला होता आणि दोत्से रोज सकाळी शेजारच्या घरी काहीतरी काम काढून जायला लागला होता. एकदा तो मिशांना दुधाची साय लावून परत आला. अक्पेने त्याच्या मिशांकडे बघत राहिली. तो स्वतःच मिशा पुसायला आत गेला.

हळूहळू हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं. काट्यांसकट मासा खाताना आता डावीकडेही घास न्यायची भीती वाटेना. वाफ्यात वाकून पाणी घालताना कधीकधी ती गुणगुणायची, आणि घसा ओला आहे हे तिच्या लक्षात यायचं. पण 'स' आला की ती ओळच सोडून द्यायची.

अशात म्हातारे आग्बेको गेले. मेळ्याची निम्मी गाणी त्यांनी बांधलेली, आणि अक्पेनेला गाणं उचलायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांची मुलगी घरी आली. "बाबा सांगून गेलेत, समुद्राचं गाणं अक्पेनेनंच उचलायचं."

समुद्राच्या गाण्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी 'से' होता. से म्हणजे ऐक.

"डेलाला सांग," अक्पेने म्हणाली. "त्यांना काय मी शिट्टी वाजवून निरोप देऊ?"

दुसऱ्या दिवशी डेला वाफ्यावर आली. तिनं दुसरी झारी उचलली आणि शेजारच्या ओळीला पाणी घालायला लागली. ओळ संपल्यावर म्हणाली, "दावी," थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारून, "त्या दिवशी आधी मी हसले."

"माहीत आहे. कान आहेत मला, दात नसले तरी."

"मला ते गाणं येत नाही. शब्द येतात, पण ते पोचत नाही. तू उचललं की पोचतं."

"आणि 'से'?"

डेलानं झारी खाली ठेवली. "तू म्हणूच नकोस. तू समुद्राला हाक मार आणि थांब. 'से' आम्ही म्हणतो."

 अक्पेनेनं ओच्यातलं खोबरं काढून अर्धं तिला दिलं आणि दोघी तिथेच, ओल्या वाफ्यांच्या मधे, म्हणून बघायला लागल्या. पहिल्यांदा डेला लवकर बोलली, मग उशिरा. मग जमलं.

शनिवारी अंत्यविधीच्या मांडवात गाव मावत नव्हतं. ढोल सुरू झाले, अक्पेने उभी राहिली.  तिनं समुद्राला हाक मारली आणि थांबली. मागून सगळ्या बायका एका आवाजात म्हणाल्या, से. पुढची ओळ तिनं बोटींसाठी म्हटली, त्याच्या पुढची बुडालेल्यांसाठी, आणि दर वेळी तिच्या थांबण्यात तो एक शब्द भरून येत गेला. तिसऱ्या कडव्याला खुर्च्यांवरची माणसंही म्हणायला लागली. आग्बेकोंची मुलगी रडत रडत मधे नाचायला आली. शेवटच्या कडव्यात भान राहिलं नाही आणि अक्पेनेच्या तोंडून 'से' निसटलाच, चांगला शिट्टीसकट. कुणीतरी हसलं. तीही हसली, तोंड भरून, आणि गाणं चालूच राहिलं.

त्या महिन्यात काफुईनं दोन दातांत भरणी केली आणि बाकीच्यांवर आरसा फिरवून म्हणाली, "थांबलीय कीड. समोर कवळी बसवू या का?"

"बसवू की," अक्पेने म्हणाली. "पण या शनिवारी नको. या शनिवारी केटा गावात गायचंय."

मेळ्यात आता गाणं दोघी मिळून उचलतात. अक्पेने हाक मारते आणि डेला बायकांना घेऊन उत्तर देते. बाहेरगावी गायला जाताना गाडीत सगळ्याजणी खोबरं चावत बसतात, आणि खिडकीजवळच्या जागेवरून कुणाचं ना कुणाचं भांडण चाललेलं असतं.