आष्टी माप

गुलाम नबींनी पहिलीच्या अकरा पोरांना चपला काढायला लावल्या, भिंतीशी ओळीनं उभं केलं आणि प्रत्येकाच्या गुडघ्याशी खडूनं रेघ ओढली. त्यांची नात अर्शिया हळूच टाचा उंचावून उभी राहिली होती. तिच्या डोक्यावर टपली मारून त्यांनी टाचा खाली टेकवल्या. मग दुसरीची तेरा पोरं झाली. चोवीस रेघा ओढून झाल्या, पण एकही रेघ नव्या बाकाच्या बैठकीपर्यंत पोचत नव्हती.

बाक देखणे होते, यात वाद नव्हता. जालन्याच्या एमआयडीसीतल्या ज्या रोलिंग मिलमध्ये गुलाम नबी अठ्ठावीस वर्षं फिटर होते, तिनं आष्टीच्या या शाळेला तीस बाक दिले होते. सुटे भाग ट्रकमधून आले आणि ते जोडायला गुलाम नबी आले. शाळेचं नावही त्यांनीच सुचवलेलं. यंदाची मदत कोणत्या शाळेला द्यावी, असं कंपनीनं पहिल्यांदाच कामगारांना विचारलं, तेव्हा उभ्या आयुष्यात साहेबांकडे काही न मागितलेला हा माणूस उठून म्हणाला होता, की आमच्या आष्टीत पोरं अजून फरशीवर बसतात. तेव्हापासून गावात त्यांची मान जरा ताठच होती, आणि ती का नसावी?

पण सगळे बाक एकाच मापाचे, सातवीच्या पोरांना साजेसे. पहिलीची पोरं बसली की त्यांचे पाय लोंबकळत. अर्शिया पाच मिनिटांत घसरून खाली आली आणि म्हणाली, फरशीच बरी होती. ते त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दहाला मिलचे मालक राधेश्यामशेठ स्वतः येणार होते. कंपनीत या मदतीचं काम बघणाऱ्या अर्पिता मॅडमना गुलाम नबींनी फोन लावला. मॅडम चिडल्या नाहीत. ऑर्डर एकाच मापाची गेली आहे, कार्यक्रम होऊ द्या, नंतर बघू, तोवर बाकांना हात लावू नका, असं त्यांनी नीट समजावलं. 'नंतर बघू' म्हणजे काय, ते अठ्ठावीस वर्षं मिलमध्ये काढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं. 'जी' म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि बद्रीनाथच्या वेल्डिंगच्या दुकानातून ग्राइंडर मागवला.

मुख्याध्यापिका शीतल मॅडमचा जीव टांगणीला लागला. माल नवाकोरा, अजून त्यांनी पोच म्हणून सहीसुद्धा केलेली नव्हती.

"चाचा, उद्या कुणी विचारलं तर?"

"माझं नाव सांगा, मॅडम. मार्चला तर रिटायरच होतो. काढलं, तर चार महिने आधी घरी येईन."

नोकरीची भीती त्यांना खरोखरच नव्हती. भीती होती ती दुसरीच. आपल्या या उद्योगामुळे कंपनीनं पुढच्या वर्षी कामगारांना विचारलंच नाही, तर आपण आष्टीचं भलं केलं आणि बाकीच्या गावांचं वाटोळं केलं, असं होणार होतं. तो विचार करतच त्यांनी आठ बाकांचे बत्तीस पाय साडेचार इंचांनी कापले. कडा घासल्या, रबरी बूट परत बसवले आणि तुकडे पोत्यात भरले.

सकाळी मंडपात बाक ओळीनं मांडले, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बावीस उंच, आठ बुटके. अर्पिता मॅडमचा चेहरा उतरला. राधेश्यामशेठांनी एकदा ओळीकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. कुणी विचारायच्या आत गुलाम नबींनी पोतं आणून शेठांसमोर ठेवलं.

"मी कापले, शेठ. मॅडमनी नको म्हणल्तं. बत्तीस तुकडे हायेत. कंपनीचा माल हाय, बराबर गिनून घ्या."

शेठांनी मोजलं नाही. पोत्यातून एक तुकडा काढला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग उलटा करून दुसऱ्या कडेवरून फिरवला.

"हे तर भंगारात जाणार. याला कशाला घासत बसलात?"

"पोरं तिथंच खेळून राह्यल्ती, शेठ. हाताला लागलं असतं."

 शेठ पहिलीच्या बाकाशी गेले आणि अर्शियाशेजारी बसले. गुडघे छातीशी आले, तसे त्यांनी वाकून बाकाखाली पाहिलं. अर्शियाचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले होते. त्यानंतर शेठांचं भाषण झालं, फोटो झाले आणि गाड्या गेल्या. पोतं गाडीत गेलं, पण तो एक तुकडा शेठांच्या खिशातच राहिला होता.

गुलाम नबींनी पंधरा दिवस नोटिशीची वाट पाहिली. मग महिनाभर पाहिली. घरी पत्नी कमरबींनी विचारलं, की ते म्हणत, काही न्हाई.

फेब्रुवारीत एका सकाळी ते मिलमध्ये बेअरिंग बदलत होते, तेव्हा अर्पिता मॅडमचा फोन आला. पुढच्या वर्षासाठी कामगारांनी शहागडची शाळा सुचवली होती.

"चाचा, उंच बाक चाळीस धरलेत. आष्टी किती धरू?"

गुलाम नबींना काही उमगेना. आष्टी तर झाली होती. मॅडमनी सांगितलं, लहान मापाच्या बाकाला ऑर्डरच्या कागदावर काहीतरी नाव लागत होतं. शेठांनी स्वतःच्या हातानं 'आष्टी' असं लिहिलं. आता जिथं जिथं बाक जातील, तिथं ही दोन्ही मापं लागणार.

ग्रीसनं भरलेला हात त्यांनी तसाच डोळ्यांवरून फिरवला. 

"पोरं भिंतीशी उभी केल्याबिगर मी आकडा सांगत न्हाई, मॅडम."

"ठाऊक आहे," अर्पिता मॅडम म्हणाल्या. "गेटवर गाडी घेऊन थांबलेय. खडू मी घेतलाय."