खांदा बेटावरची अंडी

माझी आई आर्नात्सियाक आणि माझी बायको उलायू हिवाळाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. आमच्या मुलीला माझ्या वारलेल्या बापाचं नाव द्यायचं, हे आईनं ठरवलं होतं. उलायूनं आपल्या मावशीचं दिलं. आमच्याकडे, या बर्फाच्या मुलखात, मुलगा असो की मुलगी, मुलाला ज्याचं नाव देतात तो माणूस घरी परत आला असं धरतात. म्हणजे माझा बाप येता येता राहिला, तो सुनेमुळे.

तरी जूनमध्ये दोघी सीलच्या शिकारीला एकत्रच गेल्या, कारण बर्फगाडी एकच. मुलीपाशी मी राहिलो. गोठलेल्या सामुद्रधुनीत गाडी उभी करून दोघी पायी पुढे गेल्या आणि मागचा बर्फ तडकला. गाडी तिकडे राहिली. इकडच्या तुकड्यावर या दोघी नि आमची कुत्री. तुकडा वाहायला लागला.

आई कुत्रीला म्हणाली, "हिला विचार, किटली कुठाय?"

"सांग त्यांना, गाडीवर."

"वा! संसारही असाच करते."

कुत्री झोपली.

ओहोटी आपल्याला मोठ्या बेटाला नेणार, असं आईनं कुत्रीला खात्रीनं सांगितलं. ओहोटीनं नेलं खांदा बेटाकडे. तिथे बदकांच्या घरट्यांखेरीज काही नाही. तुकडा बेटाच्या कडेला घासून पुढे निघाला. पुढे उघडा समुद्र.

"उडी मारा!" उलायू ओरडली.

"माझे गुडघे..."

"गुडघे येतील मागून, तुम्ही मारा!"

तिनं आईला अंगरख्याच्या टोपीला धरून ओढलं. दोघी गुडघाभर पाण्यात पडल्या, रांगत वर आल्या. कुत्री आधीच पोचली होती.

दगडांच्या आडोशाला बसून दोघींनी कच्ची अंडी प्यायली. मग आईनं विचारलं, "कोण होती गं तुझी मावशी?"

"याच पाण्यात गेली. मी लहान होते, बर्फातून खाली गेले. तिनं मला वर ढकललं. ती सापडलीच नाही."

आईनं एक अंडं फोडून तिच्या हातात दिलं.

"हे आधी सांगायला काय जीभ गोठली होती?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

"पी ते. सांडशील." मग स्वतःसाठी दुसरं फोडत, "तुझ्या सासऱ्याला कधीच कसली घाई नसायची. येईल पुढच्या खेपेला."

दोघी परतल्या नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी मी चुलतभावाची होडी घेऊन ओहोटीच्या वाटेनं शोधत पोचलो. वाटभर रडत होतो, किनाऱ्यावर दोघींना बघून आणखी रडलो.

"रडतोस काय, अंडी धर," आई म्हणाली.

सुनेची मावशी म्हणून माझ्या मुलीला आता ती विहीणबाई म्हणते. पोरगी अंगावर ओकली, तर आधी विचारते, "विहीणबाई, आमच्याकडचं काही बाधलं का हो?"