केझायाचा झरा

केझाया माझी मावशी. केंटकीतून कॅन्ससला आलेल्या आमच्या पहिल्या जथ्यात ती होती, आणि मीही. गुलामी संपून बारा-तेरा वर्षं झाली होती. आम्हाला इकडे आणणाऱ्या एजंटानं काळ्या मातीची, झाडापाण्याची जमीन सांगितली होती. प्रत्यक्षात नजर जाईल तिथवर गवत, आणि पाणी पार दूरच्या नदीवर. लाकूडच नव्हतं, तेव्हा आम्ही टेकडीच्या पोटात खणून घरं केली आणि त्यांत राहिलो.

झरा सापडला तो मावशीच्या गाईमुळे. ऐन ऑगस्टात, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, भुई तडकलेली असताना, चरून आलेल्या गाईच्या पायांना ओला चिखल होता. मावशी तिच्या खुरांच्या मागानं उलट चालत गेली. एका घळीत हिरवं गवत दिसलं, तिथं ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरत राहिली. आम्ही शोधत पोचलो तेव्हा तिची नखं फुटली होती आणि ओंजळीत गढूळ पाणी होतं. ते तिनं आधी मला पाजलं.

पुढं पुरुषांनी दगड रचून तिथं कंबरभर पाण्याचं कुंड बांधलं. पाद्री पेटिफर्ड त्यातच लोकांना बाप्तिस्मा देत. सगळी वस्ती त्या पाण्यात बुडून निघाली, एक मावशी सोडून. तिची लेक, सात वर्षांची, केंटकीत मालकानं विकली होती. मावशी म्हणायची, "मी रात्रंदिवस देवाच्या विनवण्या केल्या. ज्यानं माझी पोर विकू दिली, त्याच्या नावानं मी डोकं भिजवायची नाही." पाद्रींनी तिला कधी आग्रह केला नाही.

मग लॉकहार्ट आला. त्याची गुरं हजारोंनी होती. जमीन सरकारी होती, पण त्यानं झऱ्याभोवती काटेरी तार ठोकली आणि पहाऱ्याला बंदूकवाले घोडेस्वार बसवले. आमच्या पुरुषांनी तालुक्याला अर्ज केला. तिथल्या कारकुनानं तो वाचायच्या आधीच बाजूला सारला. वस्तीत कुणी म्हणालं परत जाऊ, कुणी म्हणालं विहीर खणू. दोन विहिरी खणल्या, दोन्ही कोरड्या निघाल्या. पोरं नदीचं पाणी पिऊन आजारी पडू लागली.

शनिवारी मावशी पाद्रींच्या दारात गेली. मी सोबत होते.

"उद्या मला बाप्तिस्मा द्या," ती म्हणाली. "झऱ्यावर."

पाद्रींनी तिला आत बोलावलं. ती दारातूनच बोलली.

"मी देवाला माफ केलेलं नाही, हे आधीच सांगते. पण पाणी आपलं आहे."

पाद्री म्हणाले, "माफीचं तू आणि तो बघून घ्या. तू पाण्यात उतर."

रविवारी सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत गात निघाली. प्रत्येक बाईच्या हातात बादली होती. तारेपाशी मावशीनं झग्याच्या खिशातून पक्कड काढली आणि एकेक तार तोडली. घोडेस्वारांनी बंदुका उचलल्या. गाणं थांबलं नाही. मावशी पाण्यात उतरली, पाद्रींनी तिला मागं झुकवून पूर्ण बुडवलं. घोडेस्वारांतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मग दुसऱ्यानं काढली. टोपी हातात धरून गोळी झाडता येत नाही.

तेवढ्यात लॉकहार्ट घोडा दौडवत आला. आमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या माणसांनाही तो अरेतुरे करायचा, आणि आम्ही त्याला साहेब म्हणायचो.

"केझाया, बाहेर नीघ. तुला कुणी परवानगी दिली?"

मावशी निथळत उभी राहिली. "पुढच्या रविवारीपण येणार आहोत, वॉरन. आमच्या वस्तीत पापं फार."

त्याचं पाळण्यातलं नाव तिनं सगळ्यांदेखत घेतलं. कुणीतरी हसलं, मग आम्ही सगळेच हसलो. टोपी काढलेला तो म्हातारा खाली मान घालून हसत होता. लॉकहार्टनं त्याला बंदूक उचलायला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. लॉकहार्ट लालबुंद होऊन निघून गेला, आणि आम्ही बादल्या भरल्या.

त्यानं तार पुन्हा लावली. आम्ही पुन्हा तोडली. दर रविवारी कुणीतरी नव्यानं पापी व्हायचं. थंडीत बर्फ फोडून माणसं उतरली, काका जेथ्रो तर चार वेळा शुद्ध झाले आणि खोकून खोकून आडवे पडले. उन्हाळा लागेपर्यंत पहाऱ्याला उभा राहायला माणूस मिळेना. मग एका सकाळी बायकांनी खांबच उपटले, भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लॉकहार्ट लांबून बघून परत फिरला. त्याची गुरं झऱ्यातून खाली वाहणाऱ्या ओढ्यावर प्यायची, ती मावशीनं कधी अडवली नाहीत. मुक्या जनावरांशी तिचं भांडण नव्हतं.

मावशी पुष्कळ जगली. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची, पण प्रार्थनेला तिनं हात कधी जोडले नाहीत. तिच्या लेकीचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

सरकारी नकाशावर आता 'लॉकहार्टचा झरा' असं छापलंय. त्या नावानं पाणी विचारत कुणी आलं, तर आमच्या वस्तीत त्याला वाट दाखवत नाहीत.