खिंडीतला थांबा

सरोवराकाठच्या आमच्या विल्याकोता गावात नवी गाडी घेणारा माणूस नंबरप्लेट न्यायला येतो तो मंगळवारी, नाहीतर शुक्रवारी. पाचामामाला, म्हणजे आमच्या धरणीमातेला, नैवेद्य चालतो तो याच दोन दिवशी. बॉनेटवर फुलांच्या माळा आणि चाकांवर बिअर पडल्याशिवाय प्लेट लावली तर गाडी दरीत गेलीच म्हणून समजा, असं इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे सोमवारी माझ्या ऑफिसात माशा आणि शुक्रवारी जत्रा. मला सगळे मानाने 'दोन्या' म्हणतात, राजधानीतले साहेबही. ते फोनवर विचारतात, "दोन्या प्रिमितिवा, तुमच्याकडेच एवढी रांग कशी?" मी म्हणते, "या ना एकदा शुक्रवारी. डोक्यावर बिअर पडली की कळेल."

सरोवराकाठच्या सगळ्या गावांची गाड्यांची नोंदणी आणि चालवायचे परवाने, दोन्ही माझ्याकडे. बरं चाललं होतं. मग एर्लान आला.

एर्लान हुस्तिनियानो, नवा परीक्षक. खालच्या गरम मुलखातला, सांताक्रूसकडचा. पोरगा सज्जन, कामाला चोख, दोन स्वेटर घालूनही कुडकुडायचा. पण आल्यापासून त्याने एकालाही पास केलं नाही. एकालाही! मला आधी वाटलं, हात ओले करून हवे असतील मेल्याला. तसंही नव्हतं. शेवटी मी त्याला समोर बसवलं.

"दोन्या, ही माणसं भर परीक्षेत गाडी थांबवतात हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "चढ चढून खिंडीत आलं की कच्चकन ब्रेक! ना पाटी, ना सिग्नल. आणि मला एकट्याला गाडीत सोडून खाली उतरतात! परवा एक म्हातारा मलाच म्हणाला, 'का हो, तुमचे पाय दुखतात का?'"

मी कपाळाला हात लावला. खिंडीत दगडांची मोठी रास आहे, अपाचेता म्हणतो आम्ही तिला. येणारा-जाणारा तिथे उतरतो, एक दगड ठेवतो, कोकाची चार पानं वाहतो आणि मगच पुढे जातो. आधीचे परीक्षक इथलेच, ते तर उमेदवाराच्या आधी उडी मारायचे. आपण थांबतो हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. आता श्वास घेतो ते काय कुणी मोजत बसतं?

"विनाकारण थांबलं की नापास, असा नियम आहे," एर्लान म्हणाला.

"अरे बाबा, कारण आहे की!"

"नियमात लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. मी राजधानीला कळवलं, परीक्षेचा रस्ता बदला. उत्तर आलं, 'विषय विचाराधीन आहे.' म्हणजे माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत.

हसून सोडून दिलं असतं मी, पण मध्ये निकानोरा होती. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. सख्ख्या बहिणीहून जास्त भांडतो. तिचा नवरा फोर्तुनातो बंदराच्या लाइनवर मिनीबस चालवायचा. थंडीत छातीचं दुखणं होऊन गेला बिचारा. बसवाल्यांच्या संघटनेचा नियम असा, की संघटनेच्या संताच्या सणापर्यंत घरातल्या कुणीतरी परवाना काढायचा. नाही काढला तर लाइन दुसऱ्याची. घरात निका आणि शाळेत जाणारी मुलगी, दुसरं कोण होतं? निका गाडी झकास चालवायची, फोर्तुनातोनेच शिकवलं होतं. पण दोनदा परीक्षा दिली आणि दोनदा खिंडीत थांबून नापास झाली. सण होता रविवारी. शुक्रवारची परीक्षा शेवटची.

त्या आठवड्यात मी तिला ऑफिसात बोलावून चांगली झापली. "एक दिवस थांबली नाहीस तर काय आभाळ कोसळणार आहे गं? पाचामामा काय तुझी सासू आहे, डूख धरून बसायला?"

"जित्याची खोड, कोमाद्रे," ती म्हणाली. "पाय आपोआप ब्रेकवर जातो. आणि तिथे तो भेटतो गं मला. कबरस्तानात नाही भेटत, तिथे भेटतो. प्रत्येक फेरीला आम्ही दोघं तिथे उतरायचो."

"तो जेवायला नाही वाढणार तुला! लाइन गेली तर पोरीला काय दगड शिजवून घालशील?"

बोलले आणि मलाच रडू आलं. ती तर रडतच होती. मग समोरच्या टपरीवालीकडून गरम आपी आणि भजी मागवली. मक्याचं ते जांभळं पेय पोटात गेल्याशिवाय आमच्याकडे रडणं संपत नाही. डोळे पुसून निका म्हणाली, "नाही थांबणार. त्या बाजूला मान वळवणारच नाही. पोरीची शपथ."

ती गेली तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाईने आपल्या नवऱ्याकडे पाठ फिरवायची, कशासाठी, तर राजधानीतल्या ठोंब्यांना रस्ता बदलायला सवड नाही म्हणून? आणि तिरीमिरीतच सुचलं. परीक्षेचा रस्ता त्यांच्या हातात, पण या भागात रस्त्यावर पाटी कुठे लावायची ते माझ्या सहीवर! खिंडीत सगळे थांबतातच, मागून येणारा आदळतो, म्हणजे तिथे 'थांबा' अशी पाटी हवीच होती. तशी ती मी आधीच लावायला हवी होती, पण सवयीच्या गोष्टीला पाटी लावायची हे सुचतं कुणाला?

पाटीवाला सेवेरो म्हणाला, "लावतो. पण शुक्रवारी."

"उद्या लाव रे! घाई आहे."

"दोन्या, खिंडीतली जमीन उकरायची, तीही बुधवारी? माझी बायको मला घरात घेणार नाही."

मीही तर इथलीच. म्हटलं, बरं, शुक्रवारी तर शुक्रवारी.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात ही गर्दी, फटाके, बिअरचा वास. निकाला गाठून पाटीचं सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यात सेवेरोचा फोन आला, "झालं, दोन्या. रंग ओला आहे, पण पाटी उभी आहे, पांढरा पट्टाही मारलाय." एर्लानला मी तिथल्या तिथे हुकूम दिला, आजपासून खिंडीत थांबणं सक्तीचं, जो थांबणार नाही तो नापास. तो मान हलवून गेला. मग मी निकाला शोधत फिरले तर ती आधीच गाडीत बसलेली, शेजारी एर्लान, इंजिन चालू.

आणि उमेदवार गाडीत बसला की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम मीच भिंतीवर चिकटवलेला!

बॉसला मागे बसून परीक्षा बघता येते. मी दार उघडून आत घुसले. निकाने आरशातून माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले, ओठ घट्ट मिटलेले. मी भुवया उडवल्या, मान हलवली, नाक वाकडं केलं. तिला वाटलं मी धीर देतेय. तिने मान डोलावली, म्हणजे काळजी करू नकोस, शब्द पाळते. अगं बाई, नको पाळूस! मी खोकले तर एर्लानने मागे वळून बघितलं.

चौक छान घेतला तिने. बाजारातून तर लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी काढली. मग चढ लागला. वळणावरून पाटी दिसली, लालभडक, शेतातल्या मिरचीसारखी. पण ती उजव्या हाताला, राशीच्या शेजारी, आणि निकाची मान लाकडासारखी सरळ. गालावरून पाणी वाहतंय आणि बाईची नजर समोरच्या काचेवरून हलायला तयार नाही. पाटी जवळ आली. वेग कमी होईना. मी मनात म्हटलं, फोर्तुनातो, मेल्या, आता तरी हाक मार तिला!

कच्चकन ब्रेक लागला.

निकाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तिला हुंदका फुटला. "लिहा साहेब, नापास लिहा. नाही जमलं मला. पोरीची शपथ घेतली होती, तरी नाही जमलं. त्याला ओलांडून जायचं कसं?"

"नापास? कशाबद्दल?" एर्लान गोंधळून म्हणाला.

"थांबले ना मी!"

"अहो, ही काय पाटी. चाकं बरोबर पट्ट्याच्या अलीकडे. असं नीट तर अजून कुणी थांबलंच नाही. आता फक्त उतार सांभाळून उतरा, की परवाना तुमचा."

तिने डोकं उचललं. पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग गर्रकन मागे वळली. "तुझं काम ना हे? मग सांगायला काय जीभ झडली होती तुझी?"

"नियम," मी म्हणाले आणि हसता हसता रडायला लागले.

निका उतरली. एर्लानने अडवलं नाही. थांबायचं नाही असं ठरवून आल्यामुळे तिच्याजवळ वाहायला काहीच नव्हतं, ती रिकाम्या हाताने राशीसमोर उभी राहिली. तर एर्लान स्वतःच खाली उतरला, खिशातून त्याच्या आईने पाठवलेला चीजचा पाव काढला आणि चाचरत म्हणाला, "हा चालेल का तुमच्या पाचामामाला?"

"न चालायला काय झालं? आईने केलेलं आई खाते," निका म्हणाली.

पाव दगडांवर ठेवून ती जरा वाकली. "लाइन आपलीच राहिली रे," असं हळूच म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तोंड पुसून आमच्याकडे वळली. आवाज एकदम खणखणीत. "चला, बसा पटापट. गाडी सुटतेय."