पॅनमनची खीर

अण्णासो पॅनमन होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून पाक करतात आणि त्या पाकात साखरेचा दाणा धरतात. दाणा नेमका कधी धरला हे सांगणारा माणूस म्हणजे पॅनमन. अण्णासो पाकाचा थेंब अंगठ्याखाली चोळी, तार काढी आणि "सोडा" म्हणे. लॅबमधला केमिस्ट नृसिंह अर्ध्या तासानं कागद घेऊन येई आणि तेच सांगे. अठरा हंगाम असेच गेले. त्यामुळं गोडाधोडाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवावं अशी वेळ येणारच नाही, याची अण्णासोला खात्री होती.

१९९६ च्या एप्रिलात ती वेळ आली.

त्या वर्षी ऊस उदंड. एप्रिल निम्मा सरत आला तरी कारखाना थांबायचं नाव घेईना. रजा बंद. दोन्ही पोरं शाहूवाडीकडं गावी, आजीजवळ. बायको शालन कोल्हापुरात होस्टेलवर. दोन पोरांची आई झाल्यावर ती नर्सिंगला गेली होती आणि पंधरा तारखेला तिचा पेपर होता. म्हणजे चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, घरात माणूस एकच.

सुनेचं शिकणं अण्णासोच्या आईला, बायडाबाईला, मानवलेलं नव्हतं. ते तोंडानं बोलायची सोय नव्हती, मग तिनं खीर पुढं केली. जयंतीला कारखान्याच्या कॉलनीतल्या तीस माणसांच्या पंगतीला गव्हाची खीर दरवर्षी अण्णासोच्या घरून जायची, शालनच्या हातची. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप आला: "औंदा खीर तुझ्या घरातनं नीट गेली तर शालन शिकंल दुसरं वरीस. न्हाय तर तिनं गावाकडं यायचं. ताना बघंल आणि सांगंल."

ताना म्हणजे अण्णासोची आत्ती, तानाबाई. ती पलीकडच्याच चाळीत राहायची. कुणाच्या बारशाला कोण रिकाम्या हातानं आलं, कुणी उसनी नेलेली परात वर्षभर परत केली नाही, सगळं तिच्या डोक्यात तारीखवार. असा साक्षीदार बायडाबाईला दुसरा मिळाला नसता.

अण्णासोनं उलट निरोप धाडला, "कबूल."

आदल्या दिवशी कॉलनीतल्या दुकानाच्या फोनवर शालन म्हणाली, "गहू भिजवलाय न्हवं? आता ऐका, गूळ घालताना—"

"दाण्याचं मला शिकवतीस? अठरा वर्षं दाणा धरतोय मी."

"बरं तर. धरा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती हसली होती काय, हे अण्णासोला रात्रभर उमजलं नाही.

सकाळी सहाला परसात तीन दगडांवर पातेलं चढलं. तीन किलो खपली गहू, भिजवून कांडलेला. पाण्याला उकळी फुटली तसा अण्णासोनं सगळा गूळ एकदम आत सोडला. त्याच्या हिशेबानं हेच बरोबर होतं. कारखान्यात आधी पाक, मग दाणा. पाकाशिवाय दाणा आजवर कुणी बघितलाय?

नऊला नृसिंह डोकावला आणि पायरीवर टेकला. "अहो अण्णासो, वास झकास सुटलाय. थर्मामीटर आणू का?"

"तुमचं थर्मामीटर तुमच्या खिशातच बरं. बोट हाय की मला."

बोटाला पाक लागला. तार सुरेख येत होती. गहू मात्र सकाळी होता तसाच होता.

दहाला तानाबाई आली. पदर खोचला, पळीतला एक दाणा उचलला, दाताखाली धरला. कट्‌ आवाज नृसिंहापर्यंत गेला.

"गूळ कवा घातलास?"

"उकळी फुटल्यावर."

"गूळ पडला की गहू शिजायचा थांबतो, मुडद्या! आता सांजपतोर जाळ घाल, न्हाय शिजायचा." तिनं दाणा थुंकला. "बारा वाजता वंदना, मग पंगत. शालनचं कॉलेज ह्या दाण्यात अडकलं बघ."

अण्णासोनं चुलीतली लाकडं मागं ओढली. पॅनमध्ये दाणा चुकीचा धरला तर रडत बसत नाहीत. दाणा वेगळा, पाक वेगळा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"आत्ती," तो म्हणाला, "निवाडा बारा वाजता दे. आत्ता कुकर दे."

"माझ्यात एकच हाय."

"पाच पायजेत. कोण कोण तुझ्या उपकारात हाय, तुलाच म्हाईत."

हे मात्र तानाबाईला लागू पडलं. असला हिशेब वसूल करायची संधी रोज कुठं मिळते? ती उठली ती पंधरा मिनिटांत चार घरचे कुकर आणि पाचवा स्वतःचा घेऊन आली. "ज्ञानूची बायको न्हाय म्हणत हुती. तिच्या बाळंतपणात आठ दिवस डिंकाचं लाडू कुणी पोचवलं, ईच्यारलं."

तोवर अण्णासोनं पातेलं नव्या दुरडीत ओतलं होतं. गुळाचं पाणी खाली परातीत. गहू उकळत्या पाण्यानं धुतला, ते धुवणसुद्धा परातीत. गहू साध्या पाण्यात पाच घरच्या पाच शेगड्यांवर गेला. कॉलनीभर शिट्ट्या सुटल्या. इकडं परसात परातीतलं गुळाचं पाणी पुन्हा पातेल्यात आटायला लागलं, आणि आता काम अण्णासोच्या हातचं होतं. नृसिंह घरी जाऊन थर्मामीटर घेऊन आलाच. त्यानं पारा बघून तोंड उघडायच्या आत अण्णासो म्हणाला, "सोडा." पाचही कुकरमधला मऊ गहू पाकात पडला. खोबरं, सुंठ, वेलदोडा, खसखस.

बाराला वंदना झाली. पंगत बसली. खिरीवर गार दूध पडलं आणि वाट्या भराभर रिकाम्या झाल्या. तानाबाईनं पहिली वाटी निवाड्यासाठी खाल्ली, दुसरी खात्रीसाठी. तिसरी का खाल्ली ते कुणी विचारलं नाही. मग बिनदुधाची खीर तिनं पितळी डब्यात भरली, झाकणावर फडकं बांधलं आणि डबा एकच्या शाहूवाडी गाडीच्या कंडक्टरकडं दिला. "बायडाक्काला सांग, ताना म्हणती, शिकू दे पोरीला."

दुकानातला फोन वाजला तेव्हा रिसीव्हर आधी तिनंच उचलला. "शालन, तू पेपर लिव्ह. झाली खीर. व्हय, ह्यानंच केली. मी काय, निस्तं कुकर दिलं."

मग अण्णासोनं फोन घेतला, छाती काढून.

"ब्येस झाली म्हणं," शालन म्हणाली. "गूळ कवा घातला?"

अण्णासोनं आत्तीकडं बघितलं. आत्ती दुकानातल्या बरण्या मोजत होती.

"दोनदा," तो म्हणाला.

या वेळी ती हसली, हे स्वच्छ ऐकू आलं.